काटा स्थिर होईपर्यंत

आमच्या घराला गावात ‘काटेवाल्याचं घर’ म्हणत. आम्हाला आडनाव होतं, घराला नंबर होता, दारात तुळस होती. पण पोस्टमनसुद्धा काटेवाल्याचं घर म्हणूनच पत्र आणून टाकायचा. आप्पा नदीपलीकडच्या एका साखर कारखान्यात काटा कारकून होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर घर राहिलं म्हैसूर राज्यात आणि नोकरी मिळाली महाराष्ट्रात. सायकलवरून रोज दोन राज्यं करणारी अशी माणसं चिकोडी-निपाणीकडं त्या काळी गल्लोगल्ली निघायची. त्याचं कुणाला काही वाटत नसे. वाटायचं ते काट्याचं.

शाळेत मधल्या सुट्टीत कुणी मला उसाचं कांडकं पुढं केलं, की दुसरा हटकून म्हणायचा, ‘‘त्याला कशाला देतोस? त्याच्या बानं अगोदरच खाल्लाय.’’ पोरं हसायची. मीही हसायचो. न हसून सांगतो कुणाला? घरी हे कधी बोललो नाही. आप्पा तसे अबोल. रात्रपाळी करून आले की हातपाय धुऊन, भाकरी खाऊन भिंतीकडं तोंड करून झोपायचे. ‘आप्पा, लोक असं का म्हणतात?’ हा प्रश्न अनेकदा माझ्या ओठांवर आला आणि त्यांच्या पाठीकडं बघून परत गेला.

त्या काळचा काटा लिव्हरचा. खाली खड्डा, खड्ड्यात लोखंडी तरफा, त्या तरफा पोलादी सुरीधारांवर तोललेल्या; आणि वर खोलीत पितळी दांडी, तिच्यावर सरकणारं वजन. गाडी वर आली की कारकून ते वजन सरकवत न्यायचा आणि दांडी अधांतरी तरंगायला लागली की आकडा वाचायचा. शेतकरी खिडकीबाहेर, दांडी आत. बाहेरच्याला दिसायचा तो फक्त कारकुनाचा हात. आता अशा वेळी ‘दांडीवर बोट ठेवतो’ हा संशय येणार नाही तर काय? मराठीत आपण तागडी म्हणतो, कानडीत तक्कडी म्हणतात. आपलं वजन, त्यांचं तूक. शब्द थोडे वेगळे, पण काट्यावरचा संशय दोन्ही भाषांत अगदी एकसारखा.

बहुधा म्हणूनच मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. बेळगावच्या उद्यमबागेत बाडबिस्तारा टाकला आणि वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या धंद्यात शिरलो. तेव्हा लिव्हरचे काटे निघून लोडसेलचे काटे येत होते. लोडसेल म्हणजे पोलादाचा एक ठोकळा. त्याच्यावर ताण मोजणाऱ्या बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. भार आला की पोलाद डोळ्यांना दिसणार नाही इतकं दबतं, पट्टीचा विद्युतरोध किंचित बदलतो, आणि दहा व्होल्ट दिले असतील तर पूर्ण भाराला साधारण वीस मिलिव्होल्ट बाहेर येतात. टॉर्चमधल्या दीड व्होल्टच्या सेलचा पंच्याहत्तरावा भाग! एवढ्याशा विजेवर शेतकऱ्याचं वर्ष तोललं जातं. पण यात दांडी नाही, बोट नाही. बाहेर मोठ्या लाल आकड्यांचा डिस्प्ले, तो सगळ्यांना दिसतो. मला वाटायचं, आता काटेवाल्याच्या पोराला कुणी ऊस नाकारणार नाही.

हे सगळं प्रास्ताविक झालं. सांगायची गोष्ट २०१२ सालची आहे.

सीमेलगतच्याच एका कारखान्याकडून बोलावणं आलं. नाव सांगत नाही. सांगून कुणाचं भलं होणार नाही. त्यांचा साठ टनी काटा, दहा-दहा किलोच्या टप्प्यानं आकडा दाखवणारा. तोपर्यंत इंडिकेटरमधून एक नऊ पिनांची वायर खोलीतल्याच कॉम्प्युटरला जायची. या सिरीयल वायरीची धाव जेमतेम पन्नास फूट. त्यामुळं कॉम्प्युटर काट्याच्या खोलीतच ठेवावा लागे, आणि पाळी संपली की कारकून सगळी वजनं पेन ड्राइव्हवर घालून ऑफिसात नेऊन देई. खोली ते ऑफिस या वाटेत त्या पेन ड्राइव्हचं काय काय होतं, याच्या गावोगावी कथा होत्या. खऱ्या किती, खोट्या किती, देव जाणे. म्हणून कारखान्यानं ठरवलं, की इंडिकेटरमध्ये नेटवर्कचं कार्ड बसवायचं आणि वजन थेट ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर न्यायचं. मध्ये माणूसच नको. मला हे काम इतकं आवडलं, की मजुरीसुद्धा मी घासाघीस न करता कबूल केली.

कार्ड म्हणजे काय, तर पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची हिरवी पाटी. एका कडेला चौकोनी खोबण, तिच्यात नेटवर्कची वायर ‘टक्’ आवाज करून बसते. बसवायचं काम ऐकायला सोपं आहे. चार स्क्रू काढा, झाकण उघडा, मोकळ्या खाचेत कार्ड बसवा, चपटी रिबन केबल मुख्य पाटीला जोडा, झाकण लावा. पण त्या झाकणावर शिशाचं सील असतं. वजनमापे खात्याच्या निरीक्षकानं काटा तपासून, तार ओवून, शिक्का दाबून लावलेलं. ते तोडलं की तो काटा कायद्याच्या दृष्टीनं काटाच राहत नाही, पुन्हा तपासणी होईपर्यंत त्यावर एक मोळीसुद्धा तोलता येत नाही. म्हणून हे काम गळीत हंगामाच्या आधी, पावसाळा सरता सरता करायचं. निरीक्षकांची तारीख ठरवली आणि मग मी पक्कड हातात घेतली.

झाकण उघडलं आणि आत मुंग्या! साखर कारखान्यात यंत्र कुठलंही उघडा, मुंग्या आधी पोचलेल्या असतात. वायरीच्या भोकातलं रबर उंदरांनी खाल्लेलं, त्यातून बगॅसचा भुसा आत गेलेला. निम्मा दिवस नुसती साफसफाई केली. मग मनगटाला पट्टा बांधून त्याची वायर अर्थिंगला जोडली. आपल्या अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण या पाट्यांवरच्या चिपा तेवढ्यानं मरतात. मेल्या तर बरं. निम्म्या मरतात आणि ऐन हंगामात, मध्यरात्री, रांगेत दीडशे गाड्या असताना उरलेल्या मरतात. काट्याची खोली सांभाळणारे कारकून अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, ‘‘काय करूलालास रे हे? मुंज लागल्यासारखा दोरा काय बांधलास?’’

दुसरी अडचण अंतराची. नेटवर्कची तांब्याची वायर एका दमात शंभर मीटर जाते, त्यापुढं तिचा भरवसा नाही. खोलीपासून ऑफिस मोजलं तर एकशे चाळीस. मग मध्ये पहारेकऱ्याच्या चौकीत एक स्विच बसवला, म्हणजे वायरीला वाटेतला मुक्काम. पहारेकरी मामांनी त्याच्यावरचे मिचमिचणारे हिरवे दिवे बघून त्याला हळदीकुंकू वाहिलं. मी म्हटलं, वाहा. फक्त पाणी शिंपडू नका.

तिसरी गंमत पत्त्याची. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता द्यावा लागतो. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या मुलानं मला एक पत्ता दिला, मी तो इंडिकेटरात भरला, लॅपटॉपवरून हाक मारून पाहिली, काट्यानं ‘ओ’ दिली. दुपारी बाराला काटा गायब. साडेबाराला परत आला. दोनला पुन्हा गायब. वायरी तपासल्या, स्विच बदलला, कार्डावर संशय घेतला. शेवटी लक्षात आलं, की हिशेब खात्यातल्या बाई प्रिंटर चालू करतात तेव्हा काटा जातो. त्या प्रिंटरलाही तोच पत्ता दिलेला होता! एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं. आम्हा सीमाभागातल्या लोकांना एका घराचे दोन पत्ते माहीत. हे उलटं मी पहिल्यांदाच पाहिलं.

ठरल्या दिवशी निरीक्षक आले. वीस-वीस किलोची लोखंडी वजनं हमालांनी प्लॅटफॉर्मवर चारी कोपऱ्यांत रचली, काढली, पुन्हा रचली. मग भरलेला ट्रक उभा करून पाहिला. वीस टनांपर्यंत दहा किलोच्या आत फरक हवा. आमचा तर शून्य. बाहेरचा डिस्प्ले, खोलीतला इंडिकेटर, ऑफिसातला पडदा, तिन्हीकडं एकच आकडा. नवीन शिसं लागलं, शिक्का पडला. चेअरमन साहेबांनी पेढे वाटले. मी रात्रीच्या एसटीनं बेळगावला आलो आणि बायकोला म्हणालो, ‘‘आज आप्पा हवे होते.’’

दिवाळी झाली, मोळी पडली, काटा धडधडायला लागला. सुरुवातीचे दोन दिवस मी तिथंच मुक्काम करावा असा करार होता. पहिला दिवस उत्तम गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक ट्रॅक्टर-ट्रॉली काट्यावर आली, वजन झालं, चिठ्ठी बाहेर आली. आणि ट्रॅक्टर हलेना. मागे हॉर्न सुरू झाले. खाली उतरून बघतो तर सत्तरीचे एक अज्जा चाकाला टेकून उभे. धोतर, खांद्यावर घोंगडी, एका हातात चिठ्ठी. दुसरा तळहात त्यांनी माझ्यासमोर उघडला. त्यावर बॉलपेननं लिहिलं होतं : १८४६०.

‘‘तम्मा,’’ ते म्हणाले, ‘‘बाहेर लाल दिव्यात अठरा चारशे साठ बघून मी हातावर लिहिलो. चिठ्ठीत चारशे दहा कसं आलं री?’’

आमच्याकडं पावती कन्नडमध्ये, भांडण मराठीत आणि आकडे इंग्रजीत. त्यामुळं आकड्यांबद्दल कुणाची फसगत होत नाही. चिठ्ठीत १८४१० होतं. पन्नास किलोचा फरक. त्या हंगामाचा केंद्राचा मूळ दर क्विंटलला १७० रुपये. म्हणजे पंच्याऐंशी रुपये. आज ऐकायला किरकोळ वाटेल. (२०२५-२६ च्या ३५५ च्या दरानं तेच १७७ होतात.) अज्जा ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. फक्त हलले नाहीत.

अण्णा म्हणाले, ‘‘अज्जा, तुम्ही चुकून बघितलं असणार.’’ मीही आधी तेच म्हणणार होतो. पण पुढच्या गाडीला, अज्जांना बाजूला उभं करून, मी स्वतः डिस्प्लेकडं बघत उभा राहिलो. डिस्प्ले स्थिर झाल्यावर एक आकडा, चिठ्ठीत वीस किलोनं जास्त. त्याच्या पुढच्या गाडीला तीस कमी. त्याच्या पुढं बरोबर. माझ्या हातापायांतलं बळच गेलं, कारण तोपर्यंत मला कळलं होतं.

कळलं ते असं. पूर्वी सिरीयल वायरीवर कारकून बटण दाबायचा तेव्हा काटा हलत असेल तर इंडिकेटर आकडा सोडायचाच नाही. नवीन कार्ड मी सतत बोलत राहण्याच्या पद्धतीवर लावलं होतं. सेकंदाला कितीतरी वेळा ते आकडा पाठवत राहतं. त्या ओळीत आकड्याबरोबर एक खुणेचं अक्षर असतं. काटा स्थिर असेल तर एक, डुलत असेल तर दुसरं. कॉम्प्युटरवाल्या मुलाच्या प्रोग्रॅमला ते अक्षर वाचायचं ठाऊकच नव्हतं. कारकुनानं घाईत बटण दाबलं, की त्या क्षणी जो आकडा वायरीवर असेल तो पकडला जायचा. ट्रॅक्टरनं ब्रेक मारल्यावर भरली ट्रॉली पुढंमागं डुलत असते. त्या डुलण्यातला एखादा आकडा. तपासणीच्या वेळी आम्ही लोखंडी वजनं ठेवली होती आणि उभा ट्रक. ते डुलत नाहीत. म्हणून तीन ठिकाणी एकच आकडा आला आणि पेढे वाटले गेले.

आणि त्या मुलाला अक्षराचं का ठाऊक नव्हतं? कारण जाडजूड पुस्तकातल्या फक्त दोन पानांच्या झेरॉक्स मी त्याला दिल्या होत्या. खुणांचा तक्ता तिसऱ्या पानावर होता. ते मी वाचलं नव्हतं. म्हणजे चूक त्याची नव्हती, कार्डाची नव्हती, कारकुनाचीही नव्हती. इतकी वर्षं काट्यात घालवलेल्या काटेवाल्याच्या पोराची होती.

ऑफिसात गेलो, साहेबांना सांगितलं. साहेब सज्जन होते. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला आणि म्हणाले, ‘‘फरक कधी कमी, कधी जास्त येतोय ना? मग सरासरी बरोबरच आहे. पोरगा उद्या हुबळीहून येईल, करेल दुरुस्त. आज रात्रभर चालू द्या. काटा थांबला तर गव्हाण थांबेल, गव्हाण थांबली तर मिल.’’

हिशेबानं ते खोटं नव्हतं. कारखान्याच्या हजार गाड्यांत कमी-जास्त मिटून जाणार. पण सरासरी कारखान्याला मिळते. ज्याच्या एकरभर उसाच्या दोनच खेपा, त्याला मिळतात फक्त त्याचे दोन आकडे. हे मी तेव्हा इतकं नीट बोललो नाही. तेव्हा मी नुसता कपाकडं बघत बसलो होतो आणि मला आप्पांच्या वह्या आठवत होत्या.

आप्पा २००३ साली गेले. ट्रंकेत त्यांच्या वह्या सापडल्या, दर हंगामाची एक. रोज पहाटे पाळी सुरू करताना ते कारखान्याचा एक रिकामा ट्रक, टाकी भरून, काट्यावर घ्यायचे. त्याचं वजन ठरलेलं होतं. तारीख, शून्य, ट्रकचं वजन, शेरा. बहुतेक ठिकाणी शेरा एकच : ‘ठीक’. पण १९७४ च्या जानेवारीत एका तारखेला लिहिलंय, ‘२० ने हलका. सांगितले.’ दुसऱ्या दिवशी, ‘२० ने हलका. सांगितले.’ असे ओळीनं नऊ दिवस. दहाव्या दिवशी, ‘खड्डा साफ. चिखल निघाला. ठीक.’ प्लॅटफॉर्मखाली चिखल आणि पाचट दाटलं, की ते थोडा भार स्वतःवर घेतं आणि काटा कमी दाखवतो. खड्डा साफ करायला अर्धा दिवस काटा बंद ठेवावा लागतो. तो अर्धा दिवस वरच्यांना नऊ दिवस सापडला नाही. रिकाम्या ट्रकला वीस, म्हणजे भरल्या गाडीला त्याच्या दुप्पट तरी.

आप्पांनी बोट ठेवलं नव्हतं. नऊ वेळा सांगितलंही होतं. आणि नऊही दिवस त्या हलक्या काट्यावर, खिडकीबाहेरच्या माणसाला एक शब्द न बोलता, वजनं केली होती. घरात चार पोरं होती, नोकरी परक्या राज्यातली होती, हे सगळं मी समजू शकतो. पण मधल्या सुट्टीत हसणारी पोरं निदान नऊ दिवसांपुरती खरी होती, हेही मला मग खोडता येईना. हे मी आजवर बायकोखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. आज लिहून टाकतो आहे.

साहेबांचा चहा तसाच ठेवून मी काट्यावर आलो आणि कार्डाच्या खोबणीतून वायर ओढून काढली. सील तोडावं लागत नाही त्याला. नुसती खिट्टी दाबायची. अण्णांना म्हटलं, ‘‘पुस्तक काढा. हातानं लिहा.’’

‘‘साहेब काय म्हणाले?’’

‘‘साहेब उद्या म्हणाले.’’

अण्णा क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी कपाटातून जुनं कार्बनचं पावतीपुस्तक काढलं. गाडी चढायची, डुलायची, थांबायची. मी खिडकीतून मोठ्यानं आकडा म्हणायचो मराठीत, अण्णा म्हणायचे कानडीत, ‘‘हदिनेंटु साविरद नाल्कुनूर अरवत्तु!’’ आणि गाडीवान डिस्प्लेकडं बघून मान हलवायचा. मग लेखणी टेकायची. पहिली पावती अज्जांची केली. रांग वाढत गेली, मुकादम शिव्या देत होते, साहेबांचे दोन फोन आले. मिल मात्र थांबली नाही. गव्हाणीजवळ उतरलेला ऊस पुरेसा होता. पहाटेपर्यंत आवाज बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी हुबळीचा मुलगा आला, तिसरं पान त्याला दिलं, आणि त्यानं तासाभरात प्रोग्रॅम असा केला, की स्थिरतेचं अक्षर आल्याशिवाय आकडा घ्यायचाच नाही.

राहिल्या त्याआधीच्या दीड दिवसाच्या गाड्या. चारशेच्या आसपास. त्यांचे खरे आकडे कुठंच नोंदलेले नव्हते. डिस्प्लेवर आले आणि पुसले गेले. अज्जांनी तळहातावर लिहिलं म्हणून त्यांचा सापडला. साहेबांना विचारलं, या लोकांचं काय करायचं? ते म्हणाले, ‘‘काय करणार? तुम्हीच सांगा.’’ मला सांगता आलं नाही. कामाच्या अहवालात मी सगळं लिहिलं, चूक माझी होती हेसुद्धा. त्यांनी न वाचता सही केली. त्याची कार्बन प्रत माझ्याकडं आहे, आप्पांच्या १९७४ च्या वहीत ठेवलेली. पुढच्या हंगामाला मला त्या कारखान्यानं बोलावलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी अज्जांची दुसरी खेप आली. ट्रॉली थांबेपर्यंत ते खाली उतरून डिस्प्लेखाली उभे राहिले, आकडा हातावर लिहिला, चिठ्ठी घेतली, दोन्ही एकमेकांशेजारी धरले.

‘‘बरोबर ऐती,’’ म्हणाले. मग माझ्याकडं बघून विचारलं, ‘‘कुठल्या गावचं तुम्ही? यार मगा?’’

मी गाव सांगितलं. आप्पांचं नाव सांगितलं. त्यांनी थोडा वेळ आठवल्यासारखं केलं. आठवलं की नाही ते कळू दिलं नाही. घोंगडी सारखी करून ट्रॅक्टरवर चढले.

गाडी उतरली तसा मी डिस्प्लेकडं पाहिला. शून्यावर यायला हवा होता, दहावर थांबला. प्लॅटफॉर्मवर चाकांचा चिखल आणि पाचट पडलं होतं. अण्णांनी झाडूवाल्या मामांना हाक मारली. त्यांनी ते ओढून काढलं, आणि शून्य आल्यावर अण्णांनी पुढच्या गाडीला हात केला.